सरकारी नोकरीतला दिव्यांग कर्मचारी आणि भेदभाव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंत्रालयापासून एसटी डेपोपर्यंत आणि तलाठी कार्यालयापासून अनुदानित शाळेपर्यंत, सगळीकडून साधारण हेच प्रश्न येत राहतात. प्रश्नांची भाषा विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. उत्तरं महाराष्ट्रातले कर्मचारी डोळ्यासमोर ठेवून लिहिली आहेत. केंद्राच्या नोकरीत फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे. घाईत असाल तर आधी प्रश्न ५ आणि प्रश्न ९ वाचा. बहुतेकांचं नुकसान तिथेच होतं: मागणी लेखी केलेली नसते आणि मुदत निघून गेलेली असते.

१. साहेब तोंडावर कधी वाईट बोलले नाहीत. नियमही सगळ्यांना सारखाच लावतात. मग याला भेदभाव म्हणायचं का?

म्हणता येतं. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यातल्या भेदभावाच्या व्याख्येत हेतूइतकाच परिणामही धरला जातो. वाजवी सोयीसुविधा नाकारणं हा त्या व्याख्येनुसार स्वतंत्र भेदभाव आहे.

हजेरीचं मशीन दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद, आणि कुबड्या घेऊन जिना चढेपर्यंत रोज लेट मार्क. लेट मार्क साचले की किरकोळ रजा कापली जाते. इथे कोणी शिवी दिलेली नाही, नियमही सर्वांना एकच आहे. तरी रजा फक्त एकाच माणसाची जाते आहे, आणि ती त्याच्या पायामुळे जाते आहे. तळमजल्यावर सही करू देणं हा साधा उपाय होता. तो लेखी मागूनही दिला नसेल तर तक्रारीला पुरेसा आधार आहे.

कार्यालयाला एकच बचाव उरतो: कायदेशीर उद्दिष्टासाठी हे आवश्यक होतं आणि ते प्रमाणाबाहेर नव्हतं (कलम ३). हे त्यांनी दाखवायचं असतं. नुसतं ‘प्रशासकीय कारणास्तव’ लिहून ते दाखवलं जात नाही.

२. मी महापालिकेत आहे, माझी बहीण अनुदानित शाळेत आहे. आम्हाला ‘सरकारी’ धरतात का?

दोघांनाही धरतात. या कायद्यात ‘सरकारी आस्थापना’ म्हणजे शासनाचे विभाग, कायद्याने स्थापन झालेली महामंडळं, स्थानिक स्वराज्य संस्था, सरकारी कंपन्या आणि शासनाच्या मालकीच्या, नियंत्रणातल्या किंवा अनुदानावरच्या संस्था. जिल्हा परिषद, एसटी महामंडळ, महावितरण, विद्यापीठं, राष्ट्रीयीकृत बँका, सगळं यात येतं. हक्क साधारण एकच, पण दाद मागायची दारं वेगळी आहेत. ती प्रश्न ९ मध्ये.

३. माझं प्रमाणपत्र ३० टक्क्यांचं आहे. ४० टक्क्यांच्या खाली काहीच मिळत नाही असं आस्थापना शाखा म्हणते.

हा गैरसमज इतक्या कार्यालयांत पक्का बसला आहे की त्यामुळे कित्येक जण अर्जच करत नाहीत. ४० टक्क्यांची अट आहे ती प्रामुख्याने आरक्षणासाठी (कलम ३४) आणि त्याला जोडलेल्या काही लाभांसाठी. भेदभावापासून संरक्षण आणि वाजवी सोय यांना ती अट नाही. कायद्याची ‘दिव्यांग व्यक्ती’ची व्याख्या टक्केवारीवर उभी नाही. दीर्घकाळची शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा संवेदनांशी निगडित कमतरता आणि तिच्या जोडीला समोर येणारे अडथळे, यांवर ती उभी आहे.

२०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यूपीएससीविरुद्धच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं. लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराला लेखनिक नाकारला होता, कारण तो ४० टक्क्यांच्या निकषात बसत नव्हता. न्यायालयाने लेखनिक द्यायला सांगितला. आस्थापना शाखेने पुन्हा टक्केवारी पुढे केली तर ‘आपण हे लेखी द्यावं’ एवढंच नम्रपणे म्हणा.

४. मला सिकलसेल आहे. बाहेरून काही दिसत नाही, म्हणून सगळे नाटक म्हणतात.

सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया हे तिन्ही २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत आहेत. मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन, विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि मानसिक आजारही त्या यादीत आहेत. जुन्या १९९५ च्या कायद्यात फक्त सात प्रकार होते. बऱ्याच अधिकाऱ्यांच्या डोक्यात अजून तीच यादी आहे. दिव्यांगत्व डोळ्यांना दिसलं पाहिजे असं कायदा कुठेही म्हणत नाही. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं राष्ट्रीय ओळखपत्र) काढून त्याची प्रत सेवापुस्तकात लावून घ्या. सहकाऱ्यांना आजाराचं नाव सांगण्याची सक्ती तुमच्यावर नाही.

५. वाजवी सोय म्हणून काय मागता येतं? आणि मागायची कशी?

कामाचं स्वरूप आणि तुमची अडचण यांची सांगड घालणारं जवळपास काहीही. दृष्टिहीन लिपिकाला स्क्रीन रीडर असलेला संगणक, आणि शासन निर्णय फोटोसारखे स्कॅन करून न देता वाचता येतील अशा फाइलमध्ये. कमी ऐकू येणाऱ्याला आढावा बैठकीचे मुद्दे लेखी. डायलिसिसवर असलेल्याला ठरलेल्या वारी वेळेत सवलत. व्हीलचेअर वापरणाऱ्याला तळमजल्यावर टेबल आणि वापरता येईल असं स्वच्छतागृह. फिरती करणं शक्य नसेल तर त्याच पदातलं कार्यालयीन काम.

मर्यादा एवढीच की सोयीमुळे कार्यालयावर प्रमाणाबाहेर किंवा अवाजवी भार पडू नये. एका टेबलाची जागा बदलणं हा अवाजवी भार असू शकत नाही. खर्चाचं कारण दिलं, तर खर्चाचा अंदाज लेखी मागा.

अर्ज एका पानाचा असावा. आजारपणाचा इतिहास, घरची परिस्थिती, विनवण्या हे सगळं वगळा. त्यानं अर्ज दयेचा होतो आणि साहेबही तो तसाच वाचतात. साधारण असं लिहा:

‘मी या कार्यालयात वरिष्ठ लिपिक पदावर कार्यरत असून मला चलनविषयक दिव्यांगत्व आहे (प्रमाणपत्राची प्रत सोबत). अभिलेख कक्ष तिसऱ्या मजल्यावर असून लिफ्ट नसल्याने मला दररोज चार वेळा जिना चढावा लागतो. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २० (२) अन्वये माझी बैठक व्यवस्था तळमजल्यावर करून संचिका शिपायामार्फत पाठवण्याची सोय करावी, ही विनंती. याबाबतचा निर्णय कृपया लेखी कळवावा.’

शेवटचं वाक्य गाळू नका. अर्ज आवक-जावक शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने किंवा कार्यालयाच्या अधिकृत ईमेलवर पाठवा. तोंडी बोलणं झालंच, तर त्याच दिवशी ‘आज आपल्याशी झालेल्या चर्चेनुसार’ असं दोन ओळींचं पत्र द्या. वर्षभराने न्यायाधिकरणात हीच कागदं तुमच्या बाजूने बोलतील.

६. पुरावा म्हणून आणखी काय जमवावं?

सेवापुस्तकाची प्रत, मागच्या काही वर्षांचे गोपनीय अहवाल, हजेरीपत्रक, ज्येष्ठता यादी, तुमच्यासारख्याच पदावरच्या इतरांना दिलेल्या सवलतींचे आदेश. स्वतःकडे नसलेली कागदपत्रं माहिती अधिकारातून मागा. उत्तराची मुदत ३० दिवस. माहिती अधिकारात ‘अन्याय का केला’ असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. ‘माझ्या अमुक तारखेच्या अर्जावरील टिपणीची प्रत’ मागा. टिपणीत कोणी काय शेरा मारला ते कळतं, आणि भेदभाव पुष्कळदा त्या शेऱ्यातच लिहिलेला सापडतो.

७. पहिली तक्रार कुठे करायची? थेट कोर्टात जाऊ का?

आधी कार्यालयातच. कलम २३ नुसार प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असला पाहिजे. त्याने तक्रार नोंदवहीत घेऊन नोंदणीपासून दोन आठवड्यांत चौकशी करायची असते. समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय समितीकडे जाता येतं.

अनेक कार्यालयांत असा अधिकारी नेमलेलाच नसतो. मग तक्रार कार्यालयप्रमुखांच्या नावे द्या आणि अधिकारी नेमलेला नाही हाही तक्रारीतला एक मुद्दा करा. त्याच पत्रात समान संधी धोरणाची (कलम २१) प्रतही मागा. ते धोरण करून आयुक्तांकडे नोंदवणं आस्थापनेवर बंधनकारक आहे.

याला समांतर मार्ग राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचा. आयुक्तालय पुण्यात आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी दिल्लीतले मुख्य आयुक्त. तिथे वकिलाची गरज नाही, साधा अर्ज चालतो. आयुक्तांना साक्षीदार बोलावण्याचे आणि कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत.

८. आयुक्तांनी माझ्या बाजूने दिलं, पण विभाग हलतच नाही. आता?

आयुक्तांचं मत शिफारशीच्या स्वरूपात येतं, हे आधीच समजून घेतलेलं बरं. विभागाने तीन महिन्यांत कार्यवाही करून कळवायचं, किंवा शिफारस मान्य नसेल तर तेवढ्याच मुदतीत कारणं द्यायची आणि तुम्हालाही कळवायचं. आयुक्तांकडून निवृत्तीला किंवा बदलीला कोर्टासारखी स्थगिती मिळेल ही अपेक्षा ठेवू नका. जुन्या कायद्याखालच्या एका बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तसं स्पष्ट केलं होतं. तरीही शिफारस वाया जात नाही. कारण न देता ती डावलली असेल तर पुढच्या न्यायाधिकरणात विभागाची बाजू लंगडी पडते. तातडीची स्थगिती हवी असेल तर मात्र सरळ प्रश्न ९ कडे वळा.

९. मॅट, कॅट, हायकोर्ट: मी कुठे जायचं आणि किती दिवसांत?

राज्य शासनाचे कर्मचारी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये जातात. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे त्याची पीठं आहेत. केंद्राचे कर्मचारी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे कॅटमध्ये. जिल्हा परिषदेचे कर्मचारी मॅटच्या कक्षेत येत नाहीत, त्यांचा मार्ग उच्च न्यायालयातल्या रिट याचिकेचा. दरवर्षी कोणीतरी चुकीच्या दारात उभं राहून महिने घालवतं, म्हणून हे ठळकपणे सांगतो आहोत. महापालिका, महामंडळं आणि बँकांतल्या लोकांनाही रिटचा मार्ग आहे. त्यांच्यातले जे ‘कामगार’ या व्याख्येत बसतात त्यांना औद्योगिक न्यायालयाचाही. खासगी अनुदानित शाळेत बडतर्फी, पदावनती किंवा बढतीत डावलल्याचा आदेश असेल तर शाळा न्यायाधिकरण, तिथे मुदत फक्त ३० दिवस.

मॅट आणि कॅटचा हिशेब असा: अंतिम आदेश मिळाल्यापासून एक वर्ष. तुम्ही अपील किंवा निवेदन दिलं आणि उत्तरच आलं नाही, तर सहा महिने थांबायचं आणि त्यानंतर एक वर्षाच्या आत अर्ज करायचा. पुन्हा पुन्हा स्मरणपत्रं पाठवून ही मुदत वाढत नाही. आयुक्तांकडे प्रकरण चालू आहे म्हणूनही ती आपोआप थांबत नाही. उशीर माफ करून घेता येतो, पण त्यासाठी सबळ कारण द्यावं लागतं. मॅटचा निकाल मान्य नसेल तर उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडे जाता येतं.

१०. अपघातात पाय गेला. वैद्यकीय मंडळाने ‘चालक पदासाठी अपात्र’ लिहिलं. आता घरी बसवणार का?

बसवता येत नाही. कलम २० (४) या बाबतीत अगदी स्पष्ट आहे: सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही आणि त्याची पदावनतीही करता येत नाही. तो मूळ कामाला योग्य उरला नसेल तर त्याच वेतनश्रेणीत आणि त्याच सेवालाभांसह दुसऱ्या पदावर न्यायचं. असं पद रिकामं नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत, जे आधी होईल तोवर, अधिसंख्य (मंजूर पदांव्यतिरिक्तच्या जादा) पदावर ठेवायचं. अपघात कामावर असतानाच झाला पाहिजे अशी अट नाही. सुट्टीत गावी मोटारसायकलवरून पडलात तरी संरक्षण तेच.

प्रत्यक्षात काय होतं ते आम्ही पाहतो. ‘अनफिट’चा कागद आला की डेपोत हजेरी बंद, पर्यायी पदाची फाइल विभागीय कार्यालयात, आणि पगार शून्य. महिन्यामागून महिने रजा संपवली जाते, मग बिनपगारी रजा लावतात. हे सरळसरळ कलमाच्या विरुद्ध आहे. पर्यायी पद द्यायला कार्यालयाला लागलेल्या वेळेचा भुर्दंड कर्मचाऱ्याने सोसायचा नसतो. त्या काळातल्या वेतनाची मागणी पहिल्याच पत्रात करा, आणि रोज कामावर हजर राहायची तयारी असल्याचंही लेखी कळवा.

‘पद नाही’ एवढं म्हणून सुटका होत नाही. २०२५ मध्ये तेलंगणच्या राज्य परिवहन महामंडळातल्या एका चालकाला रंगांधळेपणामुळे काढून टाकलं होतं. पर्यायी काम शोधण्याचा खरा प्रयत्न महामंडळाने केलाच नाही, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयाने त्याला योग्य पदावर घ्यायला सांगितलं.

११. साहेब म्हणतात स्वेच्छानिवृत्ती घे, मुलाला अनुकंपावर लावू. सही करू का?

कृपया करू नका. निदान प्रश्न १० वाचून, एखाद्या जाणकाराशी बोलून मगच काय ते ठरवा. सही केल्यावर परत फिरणं फार अवघड असतं, आणि अनुकंपा नोकरीचं तोंडी आश्वासन कोणालाही बांधील नसतं.

ज्यांनी सही केलीच आहे त्यांनीही आशा सोडू नये. पंजाबच्या वीज मंडळातल्या एका सहायक लाइनमनची दृष्टी सेवेत असताना पूर्ण गेली. त्याने निवृत्तीचा अर्ज दिला आणि पत्नीला नोकरी मागितली. मंडळाने निवृत्ती मान्य केली, पत्नीला नोकरी दिली नाही. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की कायद्याने तुला सेवेत राहण्याचा हक्क आहे, हे त्याला सांगणं अधिकाऱ्यांचं कर्तव्य होतं. ती निवृत्ती न्यायालयाने ग्राह्य धरली नाही. म्हणजे हक्काची माहिती न देता घेतलेल्या सहीला आव्हान देता येतं. फक्त उशीर करू नका.

१२. मी खुल्या प्रवर्गातून लागलो, दिव्यांगत्व नंतर आलं. पदोन्नतीत आरक्षण मिळेल का?

नियुक्ती दिव्यांग कोट्यातून झाली नाही एवढ्या कारणावरून पदोन्नतीतलं आरक्षण नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये केरळ राज्याच्या प्रकरणात सांगितलं. कोणत्या गटापर्यंत आरक्षण लागू आहे ते तुमच्या शासनाच्या आदेशांवर ठरतं. केंद्रात १७ मे २०२२ च्या आदेशानुसार ते ‘अ’ गटाच्या सर्वात खालच्या पायरीपर्यंत आहे.

आरक्षण बाजूला ठेवलं, तरी केवळ दिव्यांगत्वाच्या कारणावरून पदोन्नती नाकारता येत नाही (कलम २० (३)). गोपनीय अहवालात ‘फिरती कमी’, ‘शारीरिक मर्यादा’ असे शेरे आले तर दिलेल्या मुदतीत त्यांविरुद्ध निवेदन द्याच. तेच शेरे दोन वर्षांनी निवड समितीपुढे उघडतात आणि तोवर त्यांवर बोलायची वेळ निघून गेलेली असते.

१३. मानसिक आजारावर उपचार चालू आहेत. त्याच काळातल्या वागणुकीवरून विभागीय चौकशी लावली.

चौकशीत पहिल्याच उत्तरात आजार आणि उपचारांची कागदपत्रं जोडा. नंतर सांगितलं की ‘आता सुचलेलं’ म्हणतात. २०२१ च्या डिसेंबरात सीआरपीएफच्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की मानसिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीवर अशी कारवाई सुरू करणं हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरतो. आजार हे त्या वागणुकीचं एकमेव कारण होतं असं सिद्ध करावं लागत नाही. एक कारण असलं तरी पुरे. प्रत्येक चौकशी यामुळे रद्द होईल असं नाही. आर्थिक अपहारासारखा आरोप आणि आजार यांचा संबंधच दाखवता आला नाही, तर हा बचाव टिकणार नाही.

१४. मी स्वतः दिव्यांग नाही, मुलगी स्वमग्न आहे. बदली थांबेल का?

केंद्राच्या कर्मचाऱ्यांना २०१४ आणि २०१८ च्या आदेशांनुसार काळजीवाहू म्हणून नियमित बदल्यांतून सूट मागता येते, मात्र प्रशासकीय अडचणींच्या अधीन राहून. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्यांत ‘विशेष संवर्ग भाग १’ या प्राधान्य गटात दिव्यांग मुलांचे पालकही येतात. राज्य कर्मचाऱ्यांनी बदल्यांचा २००५ चा अधिनियमही हाताशी ठेवावा: मुदतपूर्व किंवा अवेळी बदलीला लेखी कारणं आणि वरिष्ठ सक्षम प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता लागते. तक्रार केल्याचा राग म्हणून झालेली बदली बहुतेक वेळा याच मुद्द्यावर मॅटमध्ये पडते.

१५. प्रमाणपत्राच्या फेरतपासणीला बोलावलं आहे. हा छळ नाही का?

खऱ्या दिव्यांगाला पुन्हा रांगेत उभं करणं क्लेशाचं आहे, ते आम्ही नाकारत नाही. पण सर्वांना सारखी लावलेली फेरतपासणी हा एकट्यावरचा भेदभाव ठरत नाही, आणि गैरहजर राहिल्याने नुकसान तुमचंच. खोट्या प्रमाणपत्रांनी खऱ्या लोकांच्याच जागा खाल्ल्या आहेत. कलम ९१ मध्ये त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत. तपासणीला जाण्यायेण्याची आणि तिथे बसण्याची सोय मात्र हक्काने मागा. टक्केवारी घटवली तर कलम ५९ खाली अपील करा. अपील प्रलंबित असल्याचं कार्यालयाला लगेच कळवा.

१६. कंत्राटी आहे. मला हे काही लागू आहे का?

कलम २० ‘नोकरीशी संबंधित कोणत्याही बाबतीत’ भेदभावाला मनाई करतं आणि फक्त कायम कर्मचारी असं म्हणत नाही. शासनाने थेट करारावर घेतलं असेल तर वाजवी सोय मागा, प्रश्न ५ प्रमाणेच. करार संपल्यावर मुदतवाढीचा हक्क मात्र यातून आपोआप मिळत नाही. एजन्सीमार्फत असाल तर तक्रारीत एजन्सी आणि मूळ कार्यालय दोघांनाही प्रतिवादी करा, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात.

१७. साहेबांना शिक्षा होईल का? मला भरपाई मिळेल का?

कायद्याच्या उल्लंघनाला पहिल्यांदा दहा हजारांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास पन्नास हजार ते पाच लाख (कलम ८९). ही रक्कम तुम्हाला मिळत नाही. थकीत वेतन, वेतनवाढ, ज्येष्ठता हे मॅट किंवा उच्च न्यायालयातून मिळतं, म्हणून मागणीत प्रत्येक गोष्ट वेगळी लिहा. चारचौघांत मुद्दाम अपमान केला किंवा धमकावलं असेल तर कलम ९२ लागतं: सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड. त्यासाठी पोलिसांत जावं लागतं. ऐकणारे साक्षीदार आणि नेमके शब्द लागतात, ते त्याच दिवशी लिहून ठेवा.

१८. आमच्या खात्याला या कायद्यातून सूट आहे असं सांगितलं. मग सगळंच संपलं?

आधी अधिसूचना दाखवायला सांगा. कामाचं स्वरूप पाहून एखाद्या आस्थापनेला कलम २० मधून सूट देता येते, पण त्यासाठी अधिसूचना लागते. खातेप्रमुखाच्या परिपत्रकाने ती मिळत नाही. केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये सशस्त्र दलांतल्या लढाऊ पदांसारख्या पदांसाठी अशा अधिसूचना काढल्या. त्यात नेमकी कोणती पदं आहेत आणि कोणत्या कलमातून सूट आहे ते शब्दन्‌शब्द वाचा. आरक्षणातून मिळालेली सूट ही भेदभावाची परवानगी नसते, आणि लढाऊ पदांसाठीची सूट त्याच दलातल्या कार्यालयीन लिपिकाला आपोआप लागू होत नाही.

सूट लागू असली तरी प्रश्न १३ मधलं प्रकरण लक्षात ठेवा. सीआरपीएफला तशी सूट होती. तरी न्यायालयाने त्या अधिकाऱ्याला सध्याच्या कामासाठी अयोग्य ठरवल्यास वेतन कायम ठेवून दुसऱ्या पदावर नेण्याचं संरक्षण दिलं, आणि शस्त्र हाताळावं लागेल असं काम त्याच्याकडे न देण्याची मुभा खात्याला ठेवली.